हात मागे फिरतो तेव्हा

शक्य असेल तर शिसपेन्सिल घ्या. बॉलपेन घसरतं. शिसपेन्सिल कागदाला धरून चालते आणि हाताने कुठे दाब दिला, कुठे उचलून घेतलं, हे नंतर दाखवून देते. कागद कोरा असू द्या, बिनरेघी. मागे काही काम लागलेलं असेल तर हे आत्ता वाचू नका. रात्री जेवणं उरकल्यावर वाचा.

एक शब्द लिहा: किंचित. किराण्याच्या यादीच्या कोपऱ्यात लिहावा तसा, नेहमीच्या हाताने.

लिहून झालं? आता शब्दाकडे बघू नका. हाताने काय काय केलं ते आठवा. पेन्सिल पहिल्यांदा कुठे टेकली? क च्या पोटाशी, की त्याच्या डावीकडच्या दांडीवर? वेलांटीची कमान दांडीबरोबरच आली, की क पुरा झाल्यावर वरून टाकली? टिंब केव्हा दिलं? आणि शिरोरेषा? क ला एक, च ला एक, त ला एक अशी तुकड्यातुकड्यांनी, की सगळा शब्द संपल्यावर एका ओढीत?

आठवत नसेल, आणि बहुतेकांना आठवत नाही, तर पुन्हा लिहा. पण एक अडचण येईल. कोणी बघतंय म्हटल्यावर हात शहाण्यासारखा वागू लागतो, सुलेखनाच्या स्पर्धेला बसल्यागत. म्हणून तो शब्द कंटाळा येईपर्यंत लिहीत राहा. कंटाळ्यानंतरचा जो ‘किंचित’ उमटेल तो तुमचा खरा. त्याच्यावर आपल्याला थोडा वेळ थांबायचं आहे.

अक्षराच्या अंगाकडे आज लक्ष देऊ नका. ते कसं वळतं, गोल की टोकदार, हे सगळेच बघतात आणि त्यावरून माणसाचा स्वभाव सांगणारेही भेटतात. त्यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही. आपण बघायचं ते हाताने मागे काय ठेवलं ते. आपल्या लिपीत दर शब्दामागे थोडी उधारी राहते. अंग लिहून होतं, हात पुढे जातो, आणि वर-खाली काहीतरी द्यायचं राहून गेलेलं असतं: रेघ, टिंब, मात्रा, रफार, एखादा उकार. ही उधारी किती साठू द्यायची आणि केव्हा फेडायची, हे कुठल्याही बाईंनी पाटीवर शिकवलेलं नसतं. शाळेत ग म भ न सुटे शिकवतात, त्यामुळे पहिल्यांदा प्रत्येक अक्षराला स्वतःची रेघ असते. मग शब्द येतात, शुद्धलेखनाच्या वह्या येतात, पुढे परीक्षेचे पेपर येतात, आणि या सगळ्यात कधीतरी प्रत्येकाचा हात आपला आपण ठरवून मोकळा होतो.

रेघेपासून सुरुवात करू. एक छोटं वाक्य लिहा, तुमच्या मनातलं कुठलंही, पण शिरोरेषा न देता. सगळी अक्षरं उघड्या डोक्याची. आता त्यांच्याकडे बघा. वाचता येतंय? येणारच. पेपर सोडवताना वेळ कमी पडला की निम्मा वर्ग असंच लिहितो आणि तपासणारे ते वाचतातही. गुजरातीने तर रेघ सोडूनच दिली, तिचं काही अडलं नाही. मग रेघ कशाला?

आता पेन्सिल वाक्याच्या पहिल्या अक्षरावर न्या आणि रेघ ओढा, पण हळू, अगदी गोगलगाय जाईल तशी. अक्षराच्या डोक्यावरून जाताना ते अक्षर वाचा. रेघ आणि डोळा बरोबर चालू द्यात. इथे एक गोष्ट लक्षात येईल. शब्द लिहिताना आपण तो वाचत नसतो. तो मनात आधीच असतो, हात फक्त त्याच्या मागे धावतो. कागदावर आलेला शब्द आपण पहिल्यांदा वाचतो तो रेघ देताना. राहिलेला काना, चुकून दोनदा आलेला न, उलटापालट झालेली अक्षरं, सगळं इथे सापडतं. जो माणूस शब्द संपल्यावर रेघ देतो त्याला दर शब्दानंतर असं एकदा वळून बघायला मिळतं. अक्षरागणिक रेघ देणाऱ्याला अक्षर दिसतं, शब्द दिसत नाही. आणि सगळी ओळ संपल्यावर एका झटक्यात रेघ मारणारा काहीच बघत नाही. तो फक्त झाकण लावतो.

माझा कल शब्दागणिक रेघेकडे आहे, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

पण एका झटक्यातली रेघ नुसती आळशी असते असं नाही, ती घातकही असते. भ लिहा आणि त्याच्याखाली म. ध लिहा, त्याच्याखाली घ. जवळून बघा. भ च्या डोक्यावर डावीकडे एक गाठ आहे आणि गाठीनंतर रेघ तुटते. म ची रेघ सलग. ध आणि घ चंही तसंच. थ आणि य चंही. म्हणजे या जोड्यांमधला बराचसा फरक एका मोकळ्या जागेत आहे, जिथे हाताने रेघ द्यायची नाही. घाईची रेघ ती जागा बुजवून पुढे जाते. मग धाव चा घाव होतो, भान चा मान होतो, धडा चा घडा होतो, आणि ‘भाऊ आला’ असं लिहिलेल्या चिठ्ठीत मांजर येतं. रव्याचीही गंमत आहे. ‘रवा’ लिहिताना र आणि व जरा जवळ आले, वरून सलग रेघ गेली, की यादी वाचणाऱ्याला कोणीतरी ‘खा’ म्हणून सांगत असतं.

‘भाऊ’ लिहा. रेघ देताना भ च्या गाठीपाशी पेन्सिल उचला आणि दांडीच्या आधी पुन्हा टेकवा. ही उचल राईच्या दाण्याएवढीही नाही. पण ती जाणवू द्या. हात इथे काही करत नाही, म्हणूनच अक्षर अक्षर राहतं. पुन्हा करा. उचल, टेक. आणखी एकदा.

ही रेघ नेहमी अशी नव्हती. जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा लेख कोरलेला आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. ब्राह्मीतली ती अक्षरं बघितली तर वर काहीच नाही. उभ्या-आडव्या रेषा, वर्तुळं, कोन. काना म्हणजे अक्षराच्या डोक्याशी उजवीकडे काढलेली एक आखूड आडवी रेघ, बस्स. पुढे लेखणी जिथे पहिल्यांदा टेकते, तिथे शाई जरा साचते, त्या टेकण्यालाच लिहिणाऱ्यांनी आकार द्यायला सुरुवात केली असं मानतात. चौथ्या-पाचव्या शतकात विदर्भात वाकाटकांचं राज्य होतं. त्यांच्या दानाच्या ताम्रपटांवरच्या अक्षरांच्या डोक्यावर चक्क एकेक चौकोनी पेटी आहे, काही ठिकाणी भरीव, काही ठिकाणी पोकळ. अभ्यासक त्या लिपीला पेटिकाशीर्षक म्हणतात. त्यांपैकी वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे लेख एकत्र करून 1963 साली ग्रंथ केला, त्यात या लेखांचे ठसे बघायला मिळतात. तांब्यावर अशी पेटी काढायची म्हणजे दर अक्षराला चार वेळा हत्यार फिरवायचं. अक्षर वाचण्यासाठी त्या पेटीची काही गरज नव्हती. तरी ती काढली, अक्षरामागून अक्षर, गावाच्या चतुःसीमांपासून शेवटच्या शापवचनापर्यंत. पुढच्या शतकांत, नागरी घडत असताना, अक्षरांच्या डोक्यावरच्या टोप्या पसरत गेल्या आणि शेजारच्या टोपीला जाऊन भिडल्या. आपण ओढतो ती रेघ अशी जुळून आलेली आहे. जुन्या पोथ्यांत तर ती ओळभर सलग जाते, शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ठरवायचं. शब्दागणिक रेघ तोडायची आपली सवय छापील पुस्तकांच्या जमान्यात पक्की झाली.

आता कागदाची नवी बाजू घ्या. या वेळी उलट करू. आधी एक आडवी रेघ ओढा, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत. मग तिच्याखाली तेच वाक्य लिहा, जमेल तितकं पेन्सिल न उचलता.

मोडी अशी लिहीत. कारकून आधी पानभर रेघा ओढून घेई आणि मग बोरू टेकवला की अक्षरं एकमेकांत गुंतवत ओळीच्या टोकापर्यंत जाई. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांमध्ये बांधून ठेवलेल्या कागदांवर ही चाल दिसते. तिच्यातला एक बारकावा आज आपल्या कामाचा आहे. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत. वेलांटी एकच, आणि ती अक्षराच्या उजवीकडूनच जाते. म्हणजे हाताला डावीकडे परतायला कारणच ठेवलेलं नाही. रेघ आधीच दिलेली, वेलांटी वाटेतच दिलेली. उधारी जवळजवळ शून्य. जलद लिहिण्याची ती युक्ती होती आणि मोहिमेवरचा मजकूर, जमाखर्च, तगादे यांसाठी ती चोख होती. पण आपण मघाशी जे केलं, रेघेबरोबर शब्द पुन्हा वाचणं, ते मोडी लिहिणाऱ्याच्या वाट्याला येत नसे. त्याला परत वाचायचं तर वेगळं बसून वाचावं लागे. पोथी मात्र बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, लिहीत.

तुमच्या आडव्या रेघेखालचं वाक्य बघा. हात घाबरला होता का? रेघ आधी दिसत असली की अक्षरं तिला चिकटायला बघतात, उंची सारखी राहते. दुकानाची पाटी रंगवणारा पेंटरही आधी खडूने ओळी आखून घेतो, त्याचं कारण हेच.

पुढचा शब्द: वर्षांनी. हा जरा अवघड आहे, म्हणून घाई नको. आधी मोठ्याने म्हणा. व, मग र, मग षां, मग नी. आता लिहा, आणि र येतो कुठे तिकडे लक्ष ठेवा. उच्चारात तो ष च्या आधी आहे. कागदावर त्या जागी काहीच लिहिलं जात नाही. ष लिहून होतो, काना लिहून होतो, आणि मग र रफार होऊन कान्याच्या डोक्यावर जाऊन बसतो, शेजारी अनुस्वाराला जागा देत. जिभेने र कधीच म्हणून टाकलेला असतो; हात तो दोन पावलं तसाच बाळगत चाललेला असतो. काहीजण त्याला शब्द संपेपर्यंत बाळगतात, रेघ होते, नी ची वेलांटी होते, मग रफार आणि टिंब एकदमच, टकटक. अशा हातांनी लिहिलेल्या पानावर एखादा रफार हमखास राहिलेला असतो. वर्षा ची वषा होते.

‘किंचित’मध्ये हेच उलटं होतं. इ चा उच्चार क नंतर, पण दांडी क च्या आधी. तिथे हात जिभेच्या पुढे असतो, रफारात मागे. एकाच माणसाचा हात एकाच ओळीत एकदा आगाऊ देतो आणि एकदा थकवतो, आणि तरी आपण लिहिताना अडखळत नाही. मराठी टंकलेखन यंत्रावर ही ह्रस्व वेलांटी आधी उमटवायची असते, अक्षर नंतर, अगदी हातासारखं. संगणकावरच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर अक्षर आधी आणि वेलांटी मागून. पडद्यावर ती आपोआप उडी मारून डावीकडे जाते. यंत्रावर हात बसलेल्या माणसांना संगणकावर आल्यावर बोटांना हे पुन्हा शिकवावं लागलं.

रफाराजवळ अजून थोडं थांबू. ‘दर्या’ लिहा. त्याच्या खाली ‘दऱ्या’ लिहा. पहिल्यात समुद्र आहे, दुसऱ्यात सह्याद्रीच्या घळी. दोन्हींत द तोच, य तोच, काना तोच. पहिल्यात र वर जाऊन बसतो, म्हणजे हाताला सगळं झाल्यावर परतावं लागतं. दुसऱ्यात तो य च्या आधीच, आपल्या जागी, अर्ध्या वळणाने येतो. परतलं नाही तर समुद्र नाही.

आता टिंब.

‘मांडी’ लिहा, पण टिंब देऊ नका. तुम्ही माडी लिहिली आहे. रिकाम्या जागेकडे बघा, कान्याच्या डोक्यावर, रेघेच्या किंचित वर. पेन्सिल तिथे न्या आणि टेकवा. फक्त टेकवा, ओढू नका, फिरवू नका. किती वेळ टेकवता? काहीजण टिंब देतात तेव्हा कागदाच्या मागच्या बाजूला हाताला लागतं. काहींचं टिंब म्हणजे घसटून गेलेली बारकी रेघ, हात पुढच्या शब्दाकडे निघाल्याची खूण. शाळेत काही वह्यांमध्ये टिंबाऐवजी छोटं गोल वर्तुळ असतं आणि ते वर्षभर टिकतं, मग परीक्षेच्या दिवसांत आपोआप भरीव होतं. उशिरा दिलेलं टिंब बऱ्याचदा शेजारच्या अक्षरावर पडतं: तोंड लिहायचं होतं, टिंब ड वर गेलं. वाचणारा सांभाळून घेतो. तो हेही पुष्कळदा सांभाळून घेतो की टिंब नाहीच.

जुनी पत्रं घरात असतील तर एखादं काढून बघा. 1962 साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि उच्चारात नसलेले, परंपरेने चालत आलेले अनुस्वार गेले. त्याआधी शिकलेल्यांची पत्रं या अनुस्वारांनी भरलेली असतात: घरीं, कांहीं, आम्हीं, नाहीं. पोस्टकार्डाच्या एका बाजूवर केवढी तरी टिंबं. म्हणजे लिहिणाऱ्याला दर दोन-चार शब्दांनी मागे फिरून, उच्चार नसलेल्या ठिकाणी, व्याकरण आठवून पेन टेकवावं लागे. नियम बदलले तरी त्यांतल्या बऱ्याच हातांनी ते सोडलं नाही. मेंदूने सोडलं असेल, हाताला कोणी कळवलं नव्हतं. त्याच नियमांनी एक दार मात्र उघडं ठेवलं: बोलण्यातली रूपं लिहायची तर केलं, गेलं असं टिंब द्यायचं. मी इथे त्याच दाराने आत आलो आहे. हा मजकूर हाताने लिहिला असता तर टिंबं देता देता बोट दुखलं असतं.

इंग्रजी अक्षरं जोडून लिहिणारेही हेच करतात. आय वरचं टिंब आणि टी वरची आडवी रेघ शब्द संपल्यावर देतात. मध्ययुगातल्या लॅटिन हस्तलिखितांत एम, एन, यू, आय या सगळ्यांच्या उभ्या रेघा सारख्याच दिसत, म्हणून आय ओळखू यावा यासाठी त्यावर बारीक रेघ देऊ लागले. तिचंच पुढे टिंब झालं. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांनी एकदा दोन्ही लिप्यांत एकेक ओळ लिहून बघावी. इंग्रजीत शब्दापाशी वळणारा हात मराठीत अक्षरागणिक वळतो, किंवा ओळीच्या टोकापर्यंत वळतच नाही, असं दिसलं तर नवल नाही. हात एकच आहे, शाळेचे तास दोन.

रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. अक्षर कसं असावं हे सांगताना ते काना, मात्रा, वेलांट्या आणि वरचा तो रफार या सगळ्यांची वेगळी दखल घेतात. पहिलं अक्षर आणि ग्रंथाचं शेवटचं अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी उपयोगाचं राहत नाही, असा व्यवहारही ते सांगतात. मला पहिली अट कठीण वाटते. अंग शेवटपर्यंत सारखं ठेवता येतं. दमलेला हात आधी कसर करतो ती वरच्या कामात. एखादं लांब पत्र किंवा पेपर उलगडून पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी ठेवा. अक्षरं साधारण तीच असतील. पण शेवटच्या पानावर रेघा अक्षरांपासून सुटून वर गेलेल्या असतील, टिंबं पुढच्या अक्षरावर सरकलेली असतील, दीर्घ वेलांट्या अर्ध्यावर संपलेल्या असतील. लिहिणारा दमला कुठल्या परिच्छेदात, ते बोट ठेवून सांगता येतं.

आता शेवटचं. सही करा. बँकेत करता तशी, एकदाच.

सहीत शिरोरेषा आहे का? असेल तर ती नावावरून निघून पुढे रिकाम्यात कुठवर जाते, तेही बघा. पुष्कळ मराठी सह्यांत अक्षरं विरघळून गेलेली असतात आणि रेघ तेवढी ठाम उरते. खाली आणखी एक रेघ, तिच्याखाली दोन टिंबं. ही टिंबं कुठल्याही अनुस्वाराची नाहीत. ती का देता, केव्हापासून देता? शिवकालीन पत्रांत मजकूर संपला की शेवटी मर्यादेची लहान मुद्रा उठवत, तिच्यावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरं. तिच्यानंतर कागदावर कोणी काही वाढवायचं नाही, अगदी लिहिणाऱ्यानेही. राहिलेला रफार, विसरलेलं टिंब, जे काही फेडायचं ते मुद्रेआधी. सहीखालची टिंबं देऊन झाल्यावर तुमचा हात नावाकडे परत गेला होता का, एखादी मात्रा द्यायला? चेकवर तसं केलं तर काउंटरवरचा माणूस शेजारी पुन्हा सही करायला सांगतो.